अपघातमुक्त निंभोरकर सर

निंभोरकर सर स्वतःच्या घरातल्या न्हाणीतून बाहेर पडतानाही आधी उजवीकडे पाहत, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि त्यानंतरच टॉवेल सावरत स्वयंपाकघराकडे निघत. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला त्यांच्या बायकोने सांगितलं, आणि ती बाई खोटं बोलत नसे. मीही बोलत नाही. फार तर एखादी खरी गोष्ट आणखी थोडी खरी करून सांगतो.

अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. गाव रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. शाळेला जागा द्यायची वेळ आली तेव्हा गावाने आपल्या काळ्याभोर शिवारातली, तूरसुद्धा उगवायला नाही म्हणते अशी एकुलती एक मुरमाड पट्टी शोधून विद्येला वाहिली. ती नेमकी रस्त्यापलीकडे होती. त्यामुळे रोज सकाळी पंच्याऐंशी पोरं रस्ता ओलांडून येत आणि संध्याकाळी ओलांडून जात. आम्ही मास्तर चार. हेडमास्तरांसह तिघे अमरावतीहून अपडाऊन करणारे, म्हणजे घड्याळ शाळेचं आणि लक्ष एसटीचं. चौथे निंभोरकर. मूळ अकोल्याकडचे, पण गावातच खोली करून राहिलेले.

दरवर्षी वरून परिपत्रक येई की प्रत्येक शाळेने एक ‘रस्ता सुरक्षा प्रमुख’ नेमावा. ते आलं त्या दिवशी निंभोरकर रजेवर होते. रजेवर असलेल्या माणसाला पद देण्याची आमच्यात जुनी पद्धत आहे. हात धुण्याचे प्रमुख, तंबाखूमुक्तीचे प्रमुख, झाडं मोजण्याचे प्रमुख, सगळे असेच एकेका रजेत जन्माला आले. (तंबाखूमुक्तीचा मी. निरोप आला तेव्हा मी खर्रा मळत होतो.) बाकीच्यांनी आपापलं पद रजिस्टरात भरलं आणि विसरून गेले. निंभोरकरांनी ते अंगात भरून घेतलं. अंगात यायला लोकांना डफडं लागतं, यांना एका परिपत्रकाने आलं.

माणूस तुराटीसारखा. उंच, कोरडा आणि वाऱ्याला न वाकणारा. गळ्यात काळ्या दोऱ्याची शिट्टी. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांना डुलकी लागली, शिट्टी ओठांत अडकली आणि घोरण्यासरशी वाजली, तर शाळेमागून चाललेली बैलगाडी जागच्या जागी उभी राहिली. बैल हलेनात. सरांना उठवून तीनदा वाजवायला लावली तेव्हा गाडी पुढे गेली.

त्यांच्याकडे एक जुनी मोपेड होती. ती पळे कमी आणि विचार जास्त करी. शेतांमधल्या पांदणीत, जिथे पुढे-मागे चार शेळ्यांखेरीज कोणी नसे, तिथेही सर वळताना उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ काढत.

“सर, मागं कोणीच नाही. हात कोणाला दाखवता?” मी विचारलं.

“आज नाई कोनी. उद्या असलं तं?” सर म्हणाले. “सवय काही गाडी पाहून लागत नाई.”

पायी चालणार ते कायम रस्त्याच्या उजव्या बाजूने. का, तर समोरून येणारी गाडी दिसते. “मरन समोरून आलं पायजे,” ते पोरांना सांगत. “मंग त्याले चुकवता येते. मांगून येनारं मरन बेइमान असते.” पहिलीतली पोरं मान हलवत. मरण म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण उजव्या बाजूने चाललं की ते मागून येत नाही एवढं पक्कं होतं.

गावातले एक म्हातारे पाटील गेले. अंत्ययात्रा रस्त्यापाशी आली. सर गर्दीतून पुढे झाले, शिट्टी वाजवली आणि अख्खी यात्रा थांबवली. सगळ्यांना उजवीकडे पाहायला लावलं, डावीकडे पाहायला लावलं. तिरडी खांद्यावर घेतलेल्या चौघांनीही माना फिरवल्या.

सरपंच वैतागले. “मास्तर, आता त्यायले कायचा धोका हाय जी?”

“त्यायले नाई,” सर म्हणाले. “खांदा देनाऱ्याले हाय.”

आता हे सगळं सुरुवातीच्या वर्षांत निव्वळ करमणुकीचं होतं, कारण रस्ता खराब होता. किती खराब? तर आमच्या सातवीच्या वर्गाने क्षेत्रफळ आणि घनफळ ही दोन्ही प्रकरणं शाळेसमोरच्या एकाच खड्ड्यात मोजून संपवली. ट्रक इतके सावकाश जात की ड्रायव्हर पोरांना नावाने ओळखत. एकाने तर जाता जाता तिसरीतल्या पोरीला तेराचा पाढा विचारला, तिचं तेरा साते चुकलं, ते त्याने दुरुस्त केलं, पाढा शेवटपर्यंत म्हणवून घेतला, तरी ट्रक शाळेच्या कुंपणापुढे गेला नव्हता. अशा रस्त्यावर सर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता घेऊन ‘थांबा, पाहा, ऐका, जा’ शिकवत आणि आम्ही तिघे वऱ्हांड्यातून हसत असू.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत यंत्रं आली. सुट्टी संपवून परतलो तर रस्ता असा काळा, असा सपाट, की गावातल्या बाया त्यावर पापड वाळत घालायला निघाल्या होत्या. आम्ही अपडाऊनवाले खूश. घरी वीस मिनिटं आधी पोचायला लागलो. गाड्या आता येताना दिसत नसत, गेलेल्याच दिसत. पहिल्या आठवड्यात किराणा दुकानदाराचा कुत्रा गेला. दुसऱ्या आठवड्यात एका बाईचा नवसाचा बोकड गेला, देवाच्या आधी ट्रकाला.

सरांनी तक्ता गुंडाळून कपाटात टाकला. विहिरीचा एक जुना लांब दोर आणला, त्याला हाताहातावर गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीला एक पोरगं धरायला लावलं. पुढच्या टोकाला सातवीची थोराड पोरं, मधे बारकी, मागच्या टोकाला सहावीच्या पोरी. एक शिट्टी म्हणजे थांबा. दोन म्हणजे पाहा. तीन म्हणजे चला. आणि चला म्हणजे असं चला की पाय जमिनीला लागतोय न लागतोय. मधे कोणी थांबायचं नाही, बोलायचं नाही, पाटी पडली तर पडू द्यायची. कबड्डीचं मैदान आखायच्या फक्कीने सर रोज सकाळी रस्त्यावर पांढरे पट्टे काढत. दहा मिनिटांत टायरांनी ते पुसले जात. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा काढत. सर्व पोरं पार व्हायला दोन फेऱ्यांत पंचवीस मिनिटं लागत.

हेडमास्तर म्हणाले, “निंभोरकर, गणिताचा पहिला तास रोज रस्त्यातच जातो.”

“जाऊ द्या,” सर म्हणाले. “गनित जित्त्या पोरायलेच शिकवता येते.”

सरांचं म्हणणं एकच होतं. शाळेच्या दोन्ही अंगांना एकेक गतिरोधक द्या. दोन ढेकळं डांबराची. बाकी काही नको.

ही मागणी त्यांनी पहिल्यांदा रस्ता सुरक्षा अभियानाच्या कार्यक्रमात केली. रस्त्यांचं एक खातं असतं. नाव घेत नाही, उगाच त्यांना उचकी लागायची आणि कामात खंड पडायचा. त्या खात्याचे साहेब पाहुणे म्हणून आले. तीन गाड्या आल्या. मंडप होता, हार होते, साहेबांच्या हस्ते फुग्यांचं अनावरण की काय ते होतं. शेवटी सरांनी चौथीतल्या वैष्णवीला उभं केलं. “आमच्या शाळेत विद्यार्थी रोज रस्त्याचा अहवाल लिहितात,” सर म्हणाले. वैष्णवीने वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचलं.

“आजचा अहवाल. पाहुण्यांची पहिली गाडी रस्त्याच्या उलट्या बाजूने आली. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर बोलत होता आणि हसत होता. तिसऱ्या गाडीत मागे बसलेल्या साहेबांनी पट्टा लावला नव्हता आणि खिडकीतून केळीचं साल टाकलं. तिघांनाही समज देऊन सोडावे, कारण त्यांच्या शाळेत हा विषय नसावा. अहवाल समाप्त.”

मंडपात अशी शांतता पसरली की फुगा फुटल्यावर हेडमास्तर खुर्चीतून उडाले. टाळ्या पहिल्यांदा वाजवल्या त्या खुद्द साहेबांनी. ते ऐकत नव्हते. मग सरांनी गतिरोधकाचं सांगितलं. साहेब म्हणाले, “वा, वा. अर्ज द्या.”

सरांनी अर्ज दिला. चार महिन्यांनी उत्तर आलं. त्या उत्तराची भाषा मला तोंडपाठ आहे, कारण सरांनी ते शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावलं, गॅसवाल्यालासुद्धा. ‘सदर ठिकाणी अपघातांची नोंद आढळून येत नाही. सबब गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.’

सरांना वाटलं, नोंद हवी तर देऊ. त्यांनी यादी पाठवली. कुत्रे चार. बोकड एक, नवसाचा. कोंबड्या अकरा, त्यांपैकी एक खुडूक. घोरपड एक. शेजारी साक्षीदारांच्या सह्या. उत्तर आलं, ‘जनावरे ग्राह्य धरता येत नाहीत.’

मग ते स्वतः अमरावतीच्या कचेरीत गेले. आमच्या बिऱ्हाडाजवळच कचेरी, म्हणून मीही सोबत होतो. तिथला बाबू भला माणूस होता. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पन तुमच्या जाग्याले काहीच झालं नाई अजून. आमच्या कागदात बसाले पायजे ना. एखांदं… म्हंजे देवानं न करो… पन एखांदं झालं, की आमचंबी काम सोपं होते.”

सर उठले. बाहेर येऊन पायरीवर बसले. उन्हाची वेळ होती. मी म्हटलं, चला, रसवंतीवर जाऊ. ते हलले नाहीत.

“तीन वर्सं झाली रस्ता होऊन,” ते म्हणाले. “एका पोराले खरचटू देलं नाई मी. आता हे म्हनते, एक आनून द्या.” मग माझ्याकडे पाहून, अगदी शाळेतल्या कामाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “तुमीच सांगा. कोनतं देऊ? हजेरीपट काढू का?”

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नको तेव्हा हसलो आहे. तिथे नाही हसलो.

सरकार मात्र विनोदी. त्याच वर्षी सरांना बक्षीस जाहीर झालं. ‘अपघातमुक्त शाळा’. समारंभ अकोल्याला. मी आणि सर एसटीने गेलो. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो, सभागृह रस्त्याच्या पलीकडे समोर दिसत होतं, बाहेर कमानीवर सरांचं नाव लिहिलेलं वाचता येत होतं. सर पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे राहिले. उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. एकही गाडी थांबेना. नियमाप्रमाणे पट्ट्यावर माणूस असला की गाडीने थांबायचं, आणि नियम सोडून पाय टाकायचा नाही, हे सरांचं व्रत. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, पस्तीस गेली. आमच्या बाजूने म्हशी पार झाल्या, एक वरात पार झाली, काठीने चाचपडत एक आंधळा म्हातारा पार झाला आणि पलीकडे जाऊन चहा पिऊन परतही आला. शेवटी मी ऑटो केला. ऑटोवाल्याने विचारलं, “कुठं जाचं?” मी समोर बोट दाखवलं. तो आमच्याकडे पाहत राहिला. पूल ओलांडून, शहराला वळसा घालून त्याने आम्हाला त्या समोरच्या दारात सोडलं, तेव्हा रस्ता सुरक्षेवरची भाषणं संपत आली होती.

सरांना ढाल मिळाली. ढाल देणारे साहेब माइकवरून म्हणाले, “निंभोरकर सरांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे. मनात आणलं तर गतिरोधकाशिवायही अपघात टाळता येतात.” टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सभागृहाच्या कौलांतली कबुतरं अकोटाकडे उडाली. सरांनी ढाल दोन्ही हातांनी घेतली आणि साहेबांकडे पाहून म्हणाले, “एक विचारू का जी?” पण माइक तोवर पुढच्या सत्कारमूर्तीकडे गेला होता.

परतल्यावर महिनाभरात सरांचा स्वतःचाच हात मोडला. झालं असं, की दोर गुंडाळत उलट्या पावलांनी चालताना ते रस्त्याकडेच्या गटारात पडले. उलट्या पावलांनी! शिस्तीच्या माणसाला एकदाच मोकळीक मिळाली आणि ती गटारात गेली. मनगट मोडलं. पण गावाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सरपंच धावतच आले. “मास्तर, नशीब काढलं! ट्रकनं उडवलं म्हना. लगेच नोंद होते. मानूस हाय, जनावर नाई!”

सर कण्हत होते. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव मौन गावाने होकार म्हणून घेतलं. हवालदार आला. दहा मोठ्या माणसांनी दहा ट्रक सांगितले. एकाचा ट्रक लाल, एकाचा निळा, एकाच्या ट्रकात संत्री, एकाच्या ट्रकात तर लग्नाचा बँड. हवालदार गोंधळला आणि म्हणाला, “पोरं होती ना तिथं? पोरायले विचारू.”

पोरं सरांची. अपघात पाहिला तर काय सांगायचं हे त्यांना तीन वर्षं घोकवलेलं. वाहन, रंग, नंबर, दिशा, आणि जे पाहिलं नाही ते बोलायचं नाही. पोरं ओळीत उभी राहिली. वैष्णवीने हात मागे बांधले.

“वाहन नव्हतं. रंग नाही. नंबर नाही. सर उलटे चालत होते. दिशा, गटाराकडे.”

“गाडी नव्हतीच?” हवालदाराने विचारलं.

“एक होती. म्हैस. ती थांबली होती. तिची चूक नाही.”

सरपंचांनी कपाळावर हात मारला. बाजेवर पडलेले सर दुखणाऱ्या हाताकडे पाहत पुटपुटले, “दहापैकी दहा.” आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते हसू होतं की कळ, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

यातून वाट काढली ती शेषराव नानांनी. नाना म्हणजे गावचे माळी, रस्त्याला लागून त्यांचा मळा. वांगी, झेंडू, गवार, सांभार म्हणजे कोथिंबीर. माणूस बोलायचा कमी आणि हसायचा पोटातून. त्यांची नात दुसरीत, दोराच्या मधल्या गाठीची. नाना सरांना पाहायला वांग्यांची पिशवी घेऊन आले, बाजेशेजारी टेकले आणि म्हणाले, “मास्तर, एक सांगा. बडनेऱ्याच्या अंगाले माह्या साळ्यानं पाइप टाकाले रस्ता खोदला होता, याद हाय? खात्यानं बुजवून देला. पाच साल झाले. आजबी तिथं एसटीतले लोक छताले लागतेत.”

सर उठून बसले.

“ब्रेकर भेटत नाई,” नाना म्हणाले. “पाइपाची परवानगी आठ दिवसात भेटते. खोदाचं आपन. बुजवाचं त्यायनं.”

मी टाळीच मारली. सरांचा चेहरा मात्र पडला. “म्हंजे खोटा अर्ज? नाना, पाइप कायले पायजे म्हनून लिवू? मी खोटं लिवनार नाई.”

दोन दिवस सरांनी जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच नानांच्या मळ्यात गेले. “पानी खरोखर न्याचं,” ते म्हणाले. “शाळेत परसबाग करू. पोरायच्या खिचडीत भाजी पडन. तुमची इहीर अलीकडं, बाग पलीकडं. मंग पाइप रस्त्याखालूनच जाईन. यात एक अक्षर खोटं नाई.”

अर्ज गेला. ‘शालेय पोषण आहारासाठी परसबागेतील वांगी या पिकास पाणी देणेकामी.’ नवव्या दिवशी मंजुरी आली, वर साहेबांच्या हातचा शेरा, ‘स्तुत्य उपक्रम’. जे पंच्याऐंशी पोरांना तीन वर्षांत मिळालं नाही ते वांग्यांना नऊ दिवसांत मिळालं. आणि वांगी अजून लावलीही नव्हती.

चर खोदला, पाइप टाकला, पाणी पलीकडे गेलं. आता बुजवणारे यायचे होते. आदल्या दिवशी सर नानांपाशी घुटमळले. “नाना, त्यायनं नीट बुजवलं तं?”

नाना इतके हसले, इतके हसले, की झेंडूच्या वाफ्यात बसावं लागलं. “मास्तर,” डोळे पुसत ते म्हणाले, “तुमी कोन्या देशातले?”

पण दैव पाहा. दुसऱ्या दिवशी जे आलं ते पाहून नानांचं हसू मिशीतच वाळलं. रोलर आला होता. खडी आली होती, मापाची, चाळलेली. आणि सोबत आला होता एक नवा मुकादम, हातात पाणसळ घेऊन. पाणसळ! त्या खात्याच्या माणसाच्या हातात पातळी मोजायचं साधन मी तेव्हा प्रथम पाहिलं. तो चराच्या दोन्ही काठांवर आडवा झोपून एक डोळा मिटून सपाटी तपासत होता. “आपल्याले काम असं लागते,” तो मजुरांना सांगत होता, “का पान्याचा गिलास ठेवला तं सांडला नाई पायजे.”

जन्मभर सरकारी माणसाने चोख काम करावं म्हणून झुरलेले निंभोरकर सर शाळेच्या कुंपणाला धरून उभे होते, आणि एक माणूस, एकच, कामचुकार निघावा म्हणून त्यांचे ओठ हलत होते.

“नाना,” ते म्हणाले, “गेलं सगळं.”

“थांबा जरा,” नाना म्हणाले आणि मळ्याकडे वळून ओरडले, “गोवऱ्या पेटवा रे!”

ज्याने वऱ्हाडात रोडगे खाल्ले नाहीत त्याला पुढचं पटायचं नाही. गव्हाच्या कणकेचे मुठीएवढे पदरी गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले. सोबत घट्ट वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे रोडग्याच्या पंगतीत ‘पुरे’ हा शब्द वाढप्याला ऐकू येत नाही. नाना स्वतः वाढायला उभे राहिले. “खा ना बाप्पा, तुमी आमच्या पोरायच्या वांग्यासाठी आले, उपाशी जान कसे?” रोलरवाल्याने सहा खाल्ले. मुकादम चारावर थांबला, नानांनी शपथ घातली, पाचवा गेला, सहावा नातीच्या हातून गेला. सातव्याला त्याने पाणसळ मांडीखालून काढून बाजूला ठेवली. मला तिथेच कळलं, की रस्ता वाचला. म्हणजे बिघडला.

तासाभरात कडुनिंबाखाली असं घोरणं सुरू झालं की रोलर सुरू आहे असं समजून सरपंच पाहायला आले. ऊन उतरता उतरता खात्याची माणसं जागी झाली, तेव्हा डांबर थिजलं होतं, खडी ढीग होऊन बसली होती आणि रोलर परत पाठवायची वेळ झाली होती. मुकादमाने एकदा डोळे चोळून पाणसळीकडे पाहिलं, एकदा पोटाकडे पाहिलं. मग जे हातात होतं ते चरात लोटून, वरून रोलरची एकच फेरी मारून मंडळी गेली.

काय बुजवलं होतं म्हणून सांगू! एका अंगाला वीतभर उंच टेंगूळ, दुसऱ्या अंगाला तेवढीच खोल वाटी. पहिला ट्रक आला, धाडकन वाजला, आणि तेरा साते विचारायच्या दिवसांतल्या चालीवर आला. त्याच्यामागचा त्याहून हळू. सरांनी लगेच टेंगळाला चुना मारला आणि दोन्ही बाजूंना शंभर पावलांवर पाट्या रोवल्या, ‘पुढे रस्ता खराब आहे.’ खात्याकडे तक्रारी गेल्या असतीलच. त्या तिथेच असतील.

पुढे माझी बदली अकोटाकडे झाली. सरांशी भेट राहिली नाही. मागच्या हिवाळ्यात धामणगाव रेल्वेला एका लग्नाला गेलो होतो. परतताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. चांदूर मागे पडलं आणि गाडी एकाएकी अशी हळू झाली की मी मान बाहेर काढली. पाटी दिसली. मग टेंगूळ दिसलं. शाळा सुटली होती. आमच्या ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बोंब मारली, “कोन्या नालायकानं बुजवलं बे हे?”

रस्त्याकडेला सर उभे होते. केस सगळे पांढरे झाले होते. मोडलेला हात जरा वाकडा बसलेला. त्यांनी ड्रायव्हरला हात जोडले आणि अदबीने सांगितलं, “सरकारनं, भाऊ. सरकारनं.”

पोरं दोराशिवायच रस्ता ओलांडत चालली होती. दोघं दोघं, तिघं तिघं, कोणी बोरं खात, कोणी भांडत. आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध एक बारकी पोरगी थांबली. तिच्या चपलेचा पट्टा सुटला होता. ती खाली बसली, दप्तर काढून रस्त्यावर ठेवलं, चप्पल मांडीवर घेतली आणि जीभ बाहेर काढून पट्टा ओवायला लागली.

मी सरांकडे पाहिलं. आता ओरडतील, आता धावतील. सर हलले नाहीत. हात मागे बांधून, जगात दुसरं काही काम नसल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले. आमची एसटी उभी, समोर संत्र्यांचा ट्रक उभा, त्याच्यामागे कोणा साहेबाची पांढरी गाडी उभी. कंडक्टर ओरडला, “ओ बाई, घाई करा ना जरा!”

पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पट्ट्याकडे वळली.